टायकॉन्डेरोगाची ‘स्टार ट्रेक’ सेट टूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, किंवा कुणाचे आई-वडील अमेरिकेत यायचे ठरले, की या टूरबद्दल विचारणा सुरू होते. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आधी साधे प्रश्न, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नक्की आहे काय? संग्रहालय, प्रदर्शन की स्टुडिओ?

तिन्हीचं थोडं थोडं. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, लेक जॉर्ज आणि लेक शॅम्प्लेन या दोन तळ्यांच्या मधे टायकॉन्डेरोगा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या माँटकाम स्ट्रीटवर, पूर्वी दुकान असलेल्या एका इमारतीत, ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी टीव्हीवरच्या अंतराळकथेच्या पहिल्या मालिकेतलं एंटरप्राइज हे अंतराळयान आतून पूर्ण आकारात उभं केलं आहे. पहिली मालिका म्हणजे यानाचा कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक आणि डॉक्टर मकॉय यांची: ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर सुरू झालेली, तीन हंगाम आणि ७९ भाग चाललेली.

काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तू आणि शेजारी माहितीचे फलक अशी कल्पना करून जाऊ नका. इथे गाइडबरोबर गटाने खोल्याखोल्यांतून फिरायचं असतं. साधारण तासभर लागतो.

२. म्हणजे खरे सेट नाहीतच? मग एवढ्या लांब कशाला जायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

खरे सेट कुठेच नाहीत. १९६९मध्ये मालिका बंद पडली आणि सेट मोडले गेले. काही वस्तू वाचल्या, त्या कुठे आहेत ते प्रश्न १५मध्ये आहे. पण ‘स्टार ट्रेक’चा मूळ ब्रिज, म्हणजे यान जिथून चालवलं जातं ती खोली, पाहायचा म्हटलं तर तो आज जगात कुठेही उभा नाही.

इथले सेट उभे करणारे जेम्स कॉली याच भागातले. पेशाने ते अमेरिकी गायक एल्विस प्रेस्लीच्या वेशात त्याची गाणी सादर करणारे कलावंत. मालिकेचे वेशभूषाकार विल्यम वेअर टाइस यांच्याकडून सेटच्या मूळ आराखड्यांची प्रत कॉली यांच्या हाती आली. त्यावरून ते एकेक खोली बांधत गेले. सुरुवातीला हे सेट चाहत्यांनी बनवलेल्या ‘न्यू व्हॉयेजेस’ या मालिकेसाठी होते. त्या मालिकेत वॉल्टर कोनिग आणि जॉर्ज टाकेई यांनी आपापल्या जुन्या भूमिका पुन्हा केल्या. २०१६मध्ये मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस कंपनीने चाहत्यांच्या चित्रपटांसाठी कडक नियम लावले. ते चित्रीकरण थांबलं, आणि त्याच वर्षी सीबीएसच्याच परवान्याने हे सेट लोकांना पाहण्यासाठी खुले झाले.

खोल्यांची मांडणीही मनाला येईल तशी केलेली नाही. हॉलिवूडच्या डेसिलू स्टुडिओत स्टेज ९वर ज्या खोलीला जी खोली लागून होती, तशीच ती इथे आहे. जुन्या मालिकेत पात्रं एका दारातून निघून पॅसेजमधून चालत दुसऱ्या खोलीत शिरतात, ते तसंच्या तसं तुम्हाला चालून पाहता येतं. कॅप्टनची वाचलेली मूळ खुर्ची संग्रहालयात काचेमागे असते, तिच्याभोवती भिंत नसते, दिवा नसतो. ती खुर्ची कुठे होती, कॅमेरा कुठून बघत होता, किती कमी जागेत आणि किती साध्या सामानात तेविसावं शतक उभं केलं होतं, हे कळायला टायकॉन्डेरोगालाच यावं लागतं. माझ्या मते ‘खरं’ पाहण्यापेक्षा हे जास्त शिकवतं.

३. मी मालिका पाहिलेलीच नाही. नंतरचे सिनेमे पाहिलेत. चालेल का?

चालेल, पण चार-पाच भाग पाहून गेलात तर टूर दुप्पट कळेल. माझी निवड सेटच्या हिशेबाने आहे. ब्रिजसाठी ‘बॅलन्स ऑफ टेरर’: जवळजवळ सगळं नाट्य तिथेच घडतं. ट्रान्सपोर्टरसाठी, म्हणजे माणसांना क्षणात यानातून ग्रहावर पाठवणाऱ्या यंत्रासाठी, ‘द एनिमी विदिन’. पॅसेज आणि इंजिन रूमसाठी ‘द नेकेड टाइम’. सिकबे (यानातला दवाखाना) आणि बैठकीच्या खोलीसाठी ‘स्पेस सीड’. आणि सगळ्यात आधी प्रसारित झालेला भाग म्हणून ‘द मॅन ट्रॅप’. त्याचं आणखी एक कारण पुढच्याच उत्तरात आहे.

४. आत काय काय दिसतं? नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं?

ट्रान्सपोर्टर रूम, वळणदार पॅसेज, सिकबे, बैठकीची खोली, कॅप्टनची केबिन, इंजिन रूम आणि शेवटी ब्रिज. गाइड भरपूर सांगतात, पण काही गोष्टी आधी ठाऊक असल्या तर डोळे योग्य जागी जातात.

ट्रान्सपोर्टर जन्माला आला तो खर्चापायी. दर आठवड्याला एवढं मोठं यान ग्रहावर उतरवून दाखवणं मालिकेला परवडणारं नव्हतं, म्हणून मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी माणसांनाच किरणांतून खाली पाठवलं. पडद्यावरची ती चमचम म्हणजे ॲल्युमिनियमची पूड: काळ्या पार्श्वभूमीपुढे, प्रखर उजेडात ती खाली सोडायची आणि कॅमेरा उलटा धरून संथ गतीत टिपायचा. पायाखालच्या गोल तबकड्या बारकाईने पाहा. स्टुडिओच्या दिव्यांत वापरतात ती वर्तुळाकार खाचांची भिंगं तिथे बसवली होती.

पॅसेज वळणदार का? सरळ असता तर तो किती आखूड आहे ते लगेच कळलं असतं. वळणामुळे पुढे अजून बरंच काही आहे असं वाटत राहतं. यानाच्या सगळ्या मजल्यांना हाच एक पॅसेज पुरला. केबिनचंही तसंच: सामान आणि पडदे बदलले की कर्कची खोली स्पॉकची व्हायची.

सिकबेमध्ये मकॉयची शस्त्रक्रियेची उपकरणं शोधा. ‘द मॅन ट्रॅप’मधल्या प्राण्याला मीठ लागतं, म्हणून त्या भागासाठी भविष्यातल्या वाटाव्यात अशा मीठदाण्या आणल्या होत्या. त्या इतक्या अनोळखी दिसत होत्या की प्रेक्षकाला त्या मीठदाण्या आहेत हे कळलंच नसतं. मग त्या डॉक्टरच्या हातात गेल्या आणि तिथेच राहिल्या.

इंजिन रूममध्ये जाळीपलीकडच्या नळ्या दूरवर गेलेल्या दिसतात. त्या प्रत्यक्षात फार खोल नाहीत. मागे जाताना त्या लहान लहान होत जातात आणि डोळा फसतो. एकदा समोरून पाहा, मग एक पाऊल बाजूला सरकून पाहा. दोन्ही पाहिल्याशिवाय तिथून हलू नका.

ब्रिज शेवटी येतो, आणि तो तसा शेवटीच यायला हवा. मूळ ब्रिजचं वर्तुळ भाकरीच्या चतकोरांसारखं तुकड्यातुकड्यांचं होतं. जिथून चित्रीकरण करायचं तिथला तुकडा ओढून काढायचा आणि त्या जागी कॅमेरा ठेवायचा. म्हणूनच पडद्यावर तो संपूर्ण गोल एकदम क्वचितच दिसला. इथे मात्र तुम्ही मधे उभे राहून स्वतःभोवती फिरू शकता. बटणं म्हणजे रेझिनचे रंगीत खडे, बहुतेकांवर एक अक्षरही लिहिलेलं नाही. आपोआप उघडणारी दारं त्या काळी पडद्यामागची माणसं हातांनी ओढायची, आणि ‘सुss’ हा आवाज नंतर भरला जायचा.

५. कॅप्टनच्या खुर्चीत बसता येतं का?

येतं, फोटोही काढता येतो. गट मोठा असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच वेळ येतो, तेव्हा फोन आधीच तयार ठेवा. मूळ खुर्ची बाजारात मिळणाऱ्या एका तयार खुर्चीभोवती लाकडी खोकं उभारून केली होती. हातांवरची पॅनेलं नीट पाहा, पण गाइडने सांगितल्याखेरीज बटणांना हात लावू नका. दिवसभरात शेकडो हात लागले तर रेझिन टिकत नाही.

६. फोटो चालतात का? आणि माझे फोटो फार जांभळे-हिरवे का येतील असं सगळे म्हणतात?

फोटो चालतात. व्हिडिओ किंवा मोठा कॅमेरा-स्टँड न्यायचा असेल तर आधी विचारा.

रंग तसेच यायला हवेत. भिंती मुळात करड्या आहेत. छायाचित्रणकार जेरी फिनरमन यांनी त्यांच्यावर रंगीत काचकागद लावलेल्या दिव्यांचा प्रकाश टाकला: एका कोपऱ्यात जांभळा, दुसऱ्यात हिरवा, कुठे लाल. एनबीसी ही आरसीएची वाहिनी आणि आरसीए रंगीत टीव्ही विकणारी कंपनी, त्यामुळे रंग डोळ्यांत भरतील अशा मालिका वाहिनीला हव्याच होत्या. तोच प्रकाश इथे आहे. फ्लॅश मारलात की सगळा रंग उडतो आणि नुसती करडी भिंत उरते. फोनमधली ‘रंग सुधारा’ ही सोयही बंद ठेवा.

७. गणवेश घालून गेलं तर विचित्र दिसेल का?

अजिबात नाही. बरेच जण घालून येतात. कर्कचा सदरा शिवून घेणाऱ्यांसाठी एक बारकावा: पहिल्या दोन हंगामांतलं ते कापड प्रत्यक्षात हिरवट होतं. फिल्मवर आणि त्या दिव्यांत ते सोनेरी दिसलं आणि लोकांच्या मनात सोनेरीच राहिलं. दोन्ही रंग चालतील. मला हिरवट जास्त आवडतो, कारण सेटवरच्या उजेडात तो रंग कसा बदलतो ते स्वतःच्या अंगावर पाहता येतं.

८. तिकीट आधी काढावं लागतं का?

काढाच. वेळा ठरलेल्या असतात आणि गट मर्यादित असतो. दर आणि दिवस हंगामाप्रमाणे बदलतात, हिवाळ्यात ते कमी होतात. म्हणून कुणाच्या जुन्या फोटोतल्या पाटीवर विसंबू नका, टूरच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहा. खास कार्यक्रमांची तिकिटं वेगळी असतात (प्रश्न ९).

९. विल्यम शॅटनर तिथे भेटतात हे खरं आहे का?

रोज नाही, पण खोटंही नाही. कर्कची भूमिका करणारे शॅटनर २०१८मध्ये इथे पहिल्यांदा आले, आणि जवळजवळ ५० वर्षांनी कॅप्टन कर्क आपल्या ब्रिजवर पुन्हा उभे राहिले. त्यानंतरही ते अनेकदा आले. अशा दिवसांची घोषणा आधी होते. ऑगस्टमध्ये ‘ट्रेकॉन्डेरोगा’ नावाचा मेळावाही भरतो, त्याला मालिकेतले कलाकार येतात. शॅटनर यांचा जन्म १९३१चा. त्यांच्या वयाचा माणूस ऐन वेळी येऊ शकला नाही तर नवल नाही, म्हणून केवळ त्यांच्यासाठी भारतातून विमानाचं तिकीट काढण्याचा सल्ला मी देणार नाही.

आणि गर्दीचं म्हणाल, तर सेट निवांत पाहायचा असेल तर साधा दिवस निवडा. माणसांना भेटायचं असेल तर मेळावा. दोन्ही एका दिवशी साधत नाही.

१०. कसं जायचं?

गाडीने. न्यूयॉर्क शहरातून साडेचार तास, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूने आणखी अर्धा-पाऊण तास धरा. बोस्टनहून चारेक तास, मॉन्ट्रियलहून अडीच तास आणि सीमेवरचा खोळंबा. उत्तरेला डोंगरात मोबाइलचं नेटवर्क मधेमधे जातं, नकाशा आधीच उतरवून घ्या.

न्यूयॉर्क-मॉन्ट्रियल मार्गावरची ॲमट्रॅकची ‘ॲडिरॉन्डॅक’ गाडी टायकॉन्डेरोगाला थांबते आणि तिचा मार्ग फार सुंदर आहे: हडसन नदी, मग तळ्याचा काठ. पण दिवसाला एका दिशेने एकच गाडी, स्टेशन गावाबाहेर, आणि ही सेवा कधी कधी काही काळ बंद असते. रेल्वेने जायचं तर मुक्काम धरूनच बेत आखा आणि स्टेशनवरून गावात कसं जायचं ते आधी ठरवा.

११. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत. कॅनडाची सीमा जवळ आहे. काही अडचण?

टायकॉन्डेरोगा अमेरिकेतच आहे, सीमा ओलांडावी लागत नाही. तरीही त्यांचे पासपोर्ट आणि आय-९४ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत सोबत ठेवा. या पट्ट्यात सीमा पोलिसांची तपासणी होऊ शकते, आणि पासपोर्ट घरी कपाटात असेल तर उगाच ताण येतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनीही हेच करावं.

जाता जाता मॉन्ट्रियल पाहू, असा बेत बरेच जण करतात. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. शिवाय अमेरिकेत परत शिरायला तुमचा अमेरिकी व्हिसा त्यासाठी वैध असावा लागतो: तो एकदाच प्रवेश देणारा असेल, किंवा पासपोर्टवरची त्याची मुदत संपली असेल, तर आधी वकिलाला विचारा. सेट टूरच्या उत्साहात हा मुद्दा निसटतो.

१२. आई-बाबांना त्यात रस वाटेल का? आणि त्यांना चालणं जमेल का?

रस बहुतेक वेळा वाटतो. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं. साठीतल्या पुष्कळ लोकांनी स्पॉकचे कान तेव्हा शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलेले असतात, फक्त मालिकेचं नाव आठवत नाही. गाडीत एखादा भाग दाखवा, आठवेल.

चालणं फार नाही, पण तासभर उभं राहणं आहे. ब्रिजवर कडेचा भाग उंच आणि खुर्चीचा भाग खाली अशी रचना आहे, तिथे पायरी सांभाळायला लागते. गुडघ्यांचा त्रास किंवा चाकाची खुर्ची असेल तर तिकीट काढतानाच फोन करून सांगा. गाइड इंग्रजीत आणि भरभर बोलतात. प्रश्न ४मधल्या गोष्टी आदल्या रात्री घरी मराठीत सांगून ठेवा, म्हणजे मधे मधे कुजबुजून भाषांतर करावं लागणार नाही.

१३. लहान मुलं कंटाळतील का?

सहा-सात वर्षांखालची कंटाळू शकतात. बोलणं बरंच असतं. त्याहून मोठ्यांना कामं द्या: जाळीमागच्या नळ्यांची युक्ती शोधा, मीठदाणी शोधा.

मुलगी असेल तर ब्रिजवर उहुरा या स्त्री-अधिकाऱ्याच्या जागेपाशी तिला थोडा वेळ थांबवा. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स पहिल्या हंगामानंतर मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं, कारण कृष्णवर्णीय स्त्री यानावर बरोबरीच्या जागी बसलेली घराघरांत दिसत होती. पुढे १९७०च्या दशकात निकल्स यांनी नासासाठी स्त्रिया आणि अल्पसंख्याकांमधून अंतराळवीर मिळवण्याचं काम केलं. १९९२मध्ये मे जेमिसन अंतराळात गेल्या, तिथे जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्री. लहानपणी उहुराला पाहून आपल्याला बळ मिळालं, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. हे सगळं त्या एका स्टुलाजवळ उभं राहून सांगितलं की मुलं ऐकतात.

१४. मालिकेचा भारताशी काही संबंध?

आहे. ‘स्पेस सीड’मधला खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं त्या भागातच म्हटलं जातं. भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांनी केली. आणि १९७९च्या पहिल्या चित्रपटात केस पूर्ण काढून इलिया झालेल्या पर्सिस खंबाटा या आपल्या मुंबईच्या, १९६५च्या मिस इंडिया. त्या चित्रपटाचे सेट वेगळे होते, ते इथे नाहीत. पण ट्रेकच्या इतिहासात मुंबईच्या मुलीचं नाव आहे, हे आपल्या मुलांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

१५. मग मूळ वस्तू कुठे पाहायच्या?

यानाची चित्रीकरणात वापरलेली मोठी प्रतिकृती, साधारण ३.४ मीटर लांब, वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमकडे १९७४पासून आहे. २०१६मध्ये तिची काळजीपूर्वक डागडुजी झाली. संधी मिळाली तर तिची डावी बाजू आवर्जून पाहा. तारा त्या बाजूने आत जायच्या, म्हणून चित्रीकरण उजवीकडूनच होई आणि डावीकडचं काम अपुरंच राहिलं. प्रवेश मोफत आहे, पण वेळेचा पास आधी घ्यावा लागतो. इमारतीचं नूतनीकरण टप्प्याटप्प्याने झालं आहे, तेव्हा प्रतिकृती सध्या कोणत्या दालनात आहे ते पाहूनच निघा.

तिच्याआधीची छोटी, सुमारे तीन फुटांची प्रतिकृती १९७०च्या दशकात हरवली होती. ती एका ऑनलाइन लिलावात अचानक उगवली आणि २०२४मध्ये रॉडनबेरी कुटुंबाकडे परत गेली. कॅप्टनची मूळ खुर्ची मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी लिलावात घेतली आणि त्यांच्या सिॲटलच्या संग्रहालयात ठेवली.

न्यूयॉर्कमध्येच असाल तर मॅनहॅटनच्या इंट्रेपिड संग्रहालयात ‘एंटरप्राइज’ नावाचं खरं स्पेस शटल आहे. १९७६मध्ये चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून त्याला हे नाव मिळालं. ते चाचण्यांसाठी होतं, अंतराळात कधी गेलं नाही.

१६. पिकार्डचा ब्रिज पाहायचाय. तो आहे का?

प्रश्न १मध्ये सांगितलेलं यान म्हणजे १९६०च्या दशकातलंच. १९८७च्या ‘नेक्स्ट जनरेशन’साठी, म्हणजे कॅप्टन पिकार्डच्या मालिकेसाठी, इथे येऊन निराश होऊ नका. आणखी एक गोंधळ होतो: जॉर्जिया राज्यात किंग्सलँडलाही पहिल्या मालिकेचे असेच पुन्हा बांधलेले सेट आहेत. दोन्ही वेगळी ठिकाणं. तिकीट काढताना गावाचं नाव वाचा.

१७. शाकाहारी जेवण, मुक्काम?

गाव लहान आहे, जेवणाच्या जागा मोजक्या. दशम्या, मेथीचे ठेपले, चटणी बरोबर असू द्या. मुक्कामाला गावात मोटेल आहेत; जास्त पर्याय हवे असतील तर दक्षिणेला लेक जॉर्ज गाव तासाभरावर आहे. मे-जूनमध्ये या डोंगरांत काळ्या चिलटांचा उपद्रव असतो, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पानांचे रंग पाहायला गर्दी होते आणि खोल्या महागतात.

१८. तासाभराच्या टूरसाठी नऊ तास गाडी? एका दिवसात जाऊन यावं का?

चालवणारे दोघं असतील तर जमतं, पण मी नाही म्हणेन. एक रात्र राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी फोर्ट टायकॉन्डेरोगा पाहा: फ्रेंचांनी १७५५पासून बांधायला घेतलेला किल्ला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला, मे १७७५मध्ये, इथन ॲलन आणि बेनेडिक्ट अर्नोल्ड यांनी तो इंग्रजांकडून घेतला, आणि त्याच हिवाळ्यात इथल्या तोफा हेन्री नॉक्सने बर्फातून ओढत बोस्टनपर्यंत नेल्या. घरातल्या ज्या व्यक्तीला ट्रेकमध्ये रस नाही तिची सकाळ यात छान जाते. अमेरिकेतल्या शाळांतल्या त्या पिवळ्या पेन्सिलीवरचं नावही याच गावाचं, मुलांना पाटी दाखवा.

शक्य असेल तर सेट टूर पहिल्या दिवशी दुपारी ठेवा आणि किल्ला दुसऱ्या दिवशी. टूरनंतर त्याच रात्री खोलीवर ‘बॅलन्स ऑफ टेरर’ पुन्हा लावता येतो, आणि कॅमेरा कुठल्या भिंतीच्या जागी उभा होता ते तेव्हा दिसायला लागतं.